पहिली चार पानं

माझी नात रेवा सध्या एका वीराच्या जन्मापाशी अडकली आहे. तीन महिन्यांत त्या मालिकेचे चार अंक वाचून झाले आणि त्या वीराला अजून शक्ती मिळालेली नाही. पहिल्या अंकात तो कॉलेजात जातो आणि परत येतो. दुसऱ्यात त्याच्या बहिणीचं लग्न मोडतं. तिसऱ्यात तो आठ पानं एका पुलावर नुसता उभा आहे. चौथ्याच्या अगदी शेवटच्या चौकटीत त्याच्या उजव्या हाताची बोटं किंचित चमकतात, की खाली लगेच ‘क्रमशः’. रेवा वैतागते. हा हिरो होईपर्यंत माझी दहावी होईल, असं म्हणून अंक माझ्या मांडीवर टाकते आणि शाळेत जाते. ती गेली की मी चष्मा पुसून तोच अंक पहिल्या पानापासून पुन्हा बघते. अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले, पण चौकटी मोजायची खोड गेली नाही. एका चौकटीत त्या पुलावरच्या माणसाच्या हातात चहा आहे, पुढच्या चौकटीत तोच चहा, फक्त वाफ नाही. हे बघून मला हसू येतं आणि थोडा हेवाही वाटतो. इतकी पानं यांना देतं कोण?

आमच्या लहानपणी हा सगळा कारभार तीन पानांत उरकायचा. चट मंगनी पट ब्याह. पहिल्या पानावर बिचारा माणूस, दुसऱ्यावर वीज, नाहीतर विषारी वायू, नाहीतर एखाद्या साधूचा आशीर्वाद, तिसऱ्यावर मुखवटा, आणि चौथ्या पानापासून ठोसे सुरू. घरचे काय म्हणाले, तो पोशाख कोणी शिवला, पहिल्या दिवशी भीती वाटली का, हे विचारायची सोयच नव्हती. हे मी अधिकारानं सांगते, कारण असे निदान पंधरा-वीस वीर मी स्वतः जन्माला घातले आहेत.

तेव्हा आम्ही अकोल्यात डाबकी रोडला राहायचो. दोन खोल्यांचं घर, आईच्या मावशीनं आईच्या नावावर करून ठेवलेलं. मावशी मला आठवते ती फक्त तिच्या तपकिरीच्या वासानं. मागच्या खोलीत आई आणि मी, आणि पुढच्या खोलीत आईची लायब्ररी. लायब्ररी म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेल्या पाच दोऱ्या आणि त्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेली हिंदी-मराठी कॉमिक्स. खाली गोणपाट अंथरलेलं. घरी न्यायचं तर एक दर, तिथंच बसून वाचायचं तर त्याच्या निम्मा. उन्हाळ्याच्या सुटीत त्या गोणपाटावर इतकी पोरं दाटीनं बसत की पान उलटायचं तर शेजाऱ्याला कोपर लागायचं. बोलायला बंदी होती, तरी ‘ढिशूम’ तोंडातून निघायचंच, आणि आई मान वर न करता म्हणायची, “मनात मारा रे.” अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊक असेलच. खिडकीतल्या कूलरचा घुर्र आवाज, वाळ्याच्या ओल्या जाळीचा वास, आणि त्यातून आईच्या दाभणाचा टच्च टच्च आवाज, हे माझ्या लहानपणाचं संगीत.

दाभण यासाठी की भाड्यानं फिरणारं कॉमिक महिनाभरात खिळखिळं होतं. मग आई ते उसवायची, मेण लावलेल्या दोऱ्यानं पुन्हा शिवायची आणि पुठ्ठा चिकटवायची. पुठ्ठ्याला लागणारी खळ घरीच व्हायची. मैदा, पाणी आणि किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याच्या कानाला लाल चिंधी बांधलेली असे आणि ते बाकीच्या भांड्यांपासून लांब, खुंटीवर टांगलेलं असे. खळ ढवळायची थांबली की गुठळ्या होतात. त्यामुळे एरवी एका जागी न ठरणारी माझी आई खळ आटेपर्यंत, रोज तेवढा अर्धा तास, स्टोव्हपुढे खिळलेली असायची. त्यानंतर हात घासून घासून धुवायचे, आणि मग भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ती वेळ मला फार आवडायची.

आता बांधणीतली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉमिक हे दुमडलेल्या तावांचं असतं, एकात एक घातलेल्या. सगळ्यात बाहेरचा ताव सुटला तर पहिली दोन पानं जातात आणि त्यांच्याबरोबरच शेवटची दोनही जातात, कारण ती एकाच कागदावर असतात. दोन ताव सुटले की पहिली चार आणि शेवटची चार. आणि बाहेरचे तावच आधी सुटतात. म्हणजे आमच्या लायब्ररीत वीरांच्या लढाया शाबूत राहायच्या, पण त्यांचे जन्म आणि शेवट हरवायचे. अर्धवट कॉमिक भाड्यानं कोण नेणार? तेव्हा सातवी-आठवीत असलेल्या मला, चित्रं बरी काढते म्हणून, आईनं कामाला लावलं. शाळेच्या चित्रकलेच्या कागदाचे ताव कापायचे, स्केचपेननं हरवलेली पानं काढायची आणि आई ती शिवून टाकायची. खरा जन्म काय होता ते मला बहुतेक वेळा ठाऊकच नसायचं. मी ठोकून द्यायचे.

माझ्या ठोकण्यात एक विहीर हमखास असे, आणि विहिरीभोवती संत्र्याची झाडं. कोणालाही शक्ती द्यायची झाली की मी त्याला त्या विहिरीत पाडायचे. एकदा अमरावतीहून मामाकडे सुटीला आलेल्या एका मुलाची आणि आमच्या गल्लीतल्या पोरांची यावरून जुंपली. तो म्हणे, हा हिरो प्रयोगशाळेत झाला. आमची पोरं म्हणत, संत्र्याच्या बगीच्यात, आम्ही डोळ्यांनी वाचलंय. निवाडा आईकडे आला. “दोन्ही बराबर हायेत,” ती म्हणाली. “अमरावतीत तसा झाला, इथी असा झाला.” आज मोठमोठ्या कंपन्या दर चार-पाच वर्षांनी जुन्या वीराचा जन्म नव्यानं लिहून काढतात आणि रेवा त्याला भारी काहीतरी नाव सांगते. आमच्याकडे ते आधीच चालू होतं.

विहीर कुठून यायची ते मला ठाऊक होतं. माझं जन्मगाव शेंदूरजनाघाट, तिकडे संत्र्याचे बगीचे. बहरलेल्या झाडांचा वास आणि विहिरीतल्या पाण्यावर हलणारा उजेड, एवढंच माझ्यापाशी उरलं होतं. शाळेच्या अर्जात वडिलांचं नाव होतं आणि व्यवसाय शेती होता. आईच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. पण वडील कधी आले नाहीत आणि आम्ही कधी गेलो नाही. विचारलं की आई दरवेळी तेच वाक्य म्हणायची. “तिकळे जमलं नाई, इकळे आलो.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला त्याच्या दोन चौकटीच दिसायच्या. एकीत संत्र्याच्या बगीच्यातलं घर, दुसरीत डाबकी रोडची लायब्ररी. मधे नुसती पांढरी फट. त्या फटीत काय झालं, एवढंच मला हवं होतं. वडिलांना भेटायची हौस मला फारशी नव्हती. पण माझ्या स्वतःच्या गोष्टीची पहिली पानं कोणीतरी फाडून ठेवली आहेत असं वाटायचं, आणि ते वाटणं फार छळायचं.

लायब्ररीत एक कॉमिक असं होतं जे आई कोणालाच देत नसे. सगळ्यात वरच्या दोरीवर, कोपऱ्यात, ‘चुंबकराज’ नावाच्या लोखंड खेचणाऱ्या वीराचं. पुठ्ठा नाही, पहिली चार पानं नाहीत, शेवटची चार नाहीत. मी दुरुस्त करायला मागितलं की आई म्हणायची, राहू दे. ते मागणारं गिऱ्हाईकही एकच होतं, गवईकाका. जिल्हा परिषदेत कारकून, धुवट पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मुलांसाठी नेतो असं सांगून ते कॉमिक्स नेत आणि परत देताना स्वतःच चर्चा करत. त्यांच्याइतका गंभीर वाचक मी पुढे कुठंच पाहिला नाही. मी काढलेली पानं कोणती ते त्यांना पहिल्या नजरेत कळायचं, पण पोरांसमोर त्यांनी मला कधी उघडं पाडलं नाही. फक्त एकदा हळूच म्हणाले, “बेबी, सगळ्याईले त्याच हिरीत नको पाडू. पानी खराब होईन.” मग एक दिवस त्यांचं लायब्ररीतलं सगळं वाचून झालं आणि त्यांनी चुंबकराज मागितला. आई म्हणाली, त्याला सुरुवातच नाही. काका म्हणाले, बेबी करून देईल की. आई काही बोलली नाही, आणि मी त्याला होकार समजले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई दोरा आणि मैदा आणायला बाजारात गेली तेव्हा मी स्टुलावर चढून ते काढलं. मधल्या पानांत चुंबकराज चांगला धिप्पाड झालेला, आणि एका चौकटीत त्याची म्हातारी आई दारात उभी. तिचं माझ्या आईसारखं लुगडं बघून माझ्या डोक्यात आलं की याचा जन्म म्हणजे त्याच्या आईची गोष्ट असणार. मी दोन ताव कापले आणि संध्याकाळपर्यंत बसून काढले. पहिल्या पानावर संत्र्याच्या बगीच्यातलं घर आणि कडेवर पोर घेतलेली बाई. दुसऱ्यावर घरातले लोक तिच्यावर ओरडतायत, सगळ्यांची तोंडं राक्षसाची. तिसऱ्यावर कडाड करून वीज, बाईच्या अंगातून निळा उजेड. चौथ्यावर ती दोन्ही हात कमरेवर ठेवून आपल्या नव्या दुकानाच्या दारात उभी. मागच्या चार पानांवर चुंबकराजानं शत्रूला लोळवलं आणि आईच्या पाया पडला. मला ते इतकं आवडलं की रंग वाळायच्या आत मी ते दहा वेळा बघितलं.

माझी समजूत होती की आई शिवते, वाचत नाही. चौथीपर्यंत शिकलेली, आणि वेळ तरी कुठं होता? त्या संध्याकाळी ती माझे ताव गुडघ्यावर घेऊन बसली, दोरा ओवला, दाभण लावलं आणि थांबली. मग दाभण खाली ठेवलं. बोट फिरवत चारही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि परत पहिल्यावर आली. मला वाटलं आता मार बसणार. विजेवर तिनं तळहात ठेवला होता.

“इतक्या लवकर नाई होत माय थे,” ती म्हणाली.

एवढंच. ताव बाजूला ठेवून ती खळ करायला उठली. मी मागोमाग जाऊन स्टोव्हपाशी बसले आणि विचारलं, मग किती पानं लागतील? हा प्रश्न मी हुशारीनं विचारला नव्हता, मला खरंच कागद कापायचा होता. ती पातेल्यात पळी फिरवत राहिली. मग म्हणाली की घरात दुसरी बाई आली त्या दिवशी मी नव्हते निघाले. निघायचं मनात आलं ते वर्षभरानं. सासूला चहा करून देत होते, तर सासू म्हणाली, साखर किती घालायची ते तिला विचार. “तवा मले समजलं,” आई म्हणाली. तेवढ्यात खळ आटली आणि गोष्टही थांबली. मी कितीही हट्ट केला तरी तिनं पुढचं सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज खळ होईपर्यंतच गोष्ट चालायची. काही दिवशी तर चार वाक्यं. पहिल्यांदा ती मला घेऊन गावातल्या एसटी थांब्यावर गेली. वरुडची बस आली, तिनं सोडली. दुसरी आली, तीही सोडली. मग आठवलं की दोरीवर धुणं वाळत घातलंय, ते कोण काढणार, म्हणून घरी परत आली. हे सांगताना तिनं पळी दोनदा पातेल्याच्या काठावर आपटली. दुसऱ्यांदा, बऱ्याच महिन्यांनी, ती मोर्शीपर्यंत पोचली. तिथं स्टँडच्या बाकड्यावर दुपारभर बसली. मला पेरू घेऊन दिला. मी बिया थुंकत होते म्हणे, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या बसच्या पाट्या वाचत होती. दिवस कलायला लागला तशी ती उठली आणि परत गेली. मोर्शीचं तेवढं सांगायला तिला दोन दिवसांची खळ लागली.

“घरी गेली तं कोनाले मालूमच नाई का मी गेली होती,” ती म्हणाली. “सासू म्हने, भाकरीले उशीर कावून झाला?”

मी त्या वेळी तेरा-चौदा वर्षांची होते आणि मला तिचा संताप आला होता. परत कशाला गेलीस? माझ्या चार पानांतली बाई अशी परत जात नसते. तोंडावर मी बोलले नाही, पण आईला माझा चेहरा कळायचा. ती म्हणाली की तुला म्हणूनच सांगत नव्हते. का गेली, असं विचारणाऱ्यांना उत्तर देता येतं. दोनदा परत का गेली, याची तिला लाज वाटायची. आणि आणखी एक भीती तिच्या मनात होती, ती तिनं पातेल्यात बघतच बोलून दाखवली. हे सगळं कळल्यावर आता मी तिकडे जाईन का? मी म्हणाले, आधी चित्रं तर पुरी होऊ दे. ती हसली, आणि माझ्या लक्षात आलं की ती कितीतरी दिवसांनी हसली होती. मला एकदम तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी उठून तिच्या पाठीला चिकटून उभी राहिले आणि ती, हात पोळेल, सरक, असं म्हणत तशीच ढवळत राहिली.

तिसऱ्यांदा ती अमरावतीला उतरली, तिथून बडनेऱ्याला, आणि अकोल्याच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसली. मी भोकाड पसरलं होतं. मी रडले तर ही बाई कुठं चालली म्हणून लोक विचारतील, आणि कोणी विचारलं तर आपण परत फिरू, ही तिला खात्री होती. बाकाखाली कोणीतरी टाकून गेलेलं एक कॉमिक पडलं होतं. पुठ्ठा नाही, पुढची-मागची पानं नाहीत. तिनं ते माझ्या हातात दिलं, मी चित्रं बघत गप्प झाले आणि थेट अकोल्यापर्यंत गप्प राहिले. मावशीच्या घरी दुसऱ्याच दिवशी शेजारचं पोर ते मागायला आलं, आणि त्याच्या आईनं बदल्यात वाटीभर डाळ पाठवली. लायब्ररी अशी सुरू झाली. वरच्या दोरीवरचा चुंबकराज तो हाच. त्या सगळ्या चौकटींत मी होते, तिच्या कडेवर, आणि मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. ते ऐकल्यावर मी रडले. दुःख झालं होतं असं नाही. पानं सापडली होती.

चित्रं पुरी व्हायला पूर्ण उन्हाळा गेला. नवे ताव कापून पहिल्यापासून काढलं, आणि चाराची बारा पानं झाली. त्यांत धुणं वाळत घातलेली दोरी होती, मोर्शीचं बाकडं सलग तीन पानं होतं, पेरूच्या बिया होत्या, आणि राक्षसांच्या जागी मी सगळी साधी माणसांची तोंडं काढली होती, कारण आई म्हणाली तशी नव्हती ती. वीज काढून टाकली. शत्रूला लोळवणं जुन्या तावांवरच राहिलं, आणि पुढे बारा पानं म्हणजे नव्या तावांवर मागेही बारा कोरी राहिली. तिथं काय काढू असं विचारलं तर आई म्हणाली राहू दे तशीच, आणि ती अजून तशीच आहेत. हे कॉमिक माझ्या कपाटात आहे. आज मी रेवाच्या अंकातल्या वाफ गेलेल्या चहाकडे बघते तेव्हा तो चितारणारा माणूस मला ओळखीचा वाटतो. हळू कसं सांगायचं हे त्यालाही कोणीतरी खळ ढवळताना शिकवलं असेल. रेवाला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, आजी, तरीपण चार अंक म्हणजे जास्तच होतं. तिचंही खोटं नाही.

आईनं ते शिवलं, नवा पुठ्ठा लावला आणि मला वाटलं पुन्हा वरच्या दोरीवर जाणार. पण तिनं ते खालच्या दोरीला, दारासमोर लटकवलं. गवईकाका आले, पाहिलं आणि घेऊन गेले. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आईचं सगळं गुपित एका माणसाच्या घरी होतं, आणि उद्या गल्लीतला कोणीही ते नेऊ शकणार होता.

तिसऱ्या दिवशी काका आले ते गोणपाट रिकामं व्हायची वाट बघत थांबले. आई खळ ढवळत होती, मी पुठ्ठे कापत होते. त्यांनी कॉमिक दोन्ही हातांनी परत केलं.

“वहिनी, बारा पानं वाचले,” ते म्हणाले. “वीज नाई पडली, साधू नाई भेटला. त्या बाईले शक्ती भेटली कवा मंग?”

आईनं पळी थांबवली नाही.

“नाई भेटली. तशीच निंगाली थे.”

काकांनी खिशातलं एक पेन काढून माझ्या हातात दिलं, निळ्या शाईचं, आणि आईला विचारलं की आज नवीन काय आलंय.